ओळख ना पाळख, हातात फक्त शोरील

घरात कुणी ॲनिमेशनमध्ये नाही, नामांकित संस्थेची फी झेपणारी नाही आणि चित्रपटाच्या शेवटी सरकणाऱ्या नावांत आपल्यासारखं नाव सापडत नाही. अशा कलाकाराची शिफारस करायला शोरीलशिवाय, म्हणजे स्वतःच्या निवडक शॉटच्या छोट्या व्हिडिओशिवाय, कुणीच नसतं. त्यामुळे सगळी मेहनत तिथेच ओतावी.

शोरील एका मिनिटाच्या आत आटपा. तीनच शॉट चांगले असतील तर पंचवीस सेकंदांचं करा. भर म्हणून चौथा कच्चा शॉट घातला, तर बघणारा नेमका त्याच्यावरून तुमची पातळी ठरवतो. सगळ्यात दमदार शॉट पहिला. रिग (पात्र हलवण्यासाठी आत बसवलेला सांगाडा) दुसऱ्याने केलेला असेल तर तसं लिहा.

सॉफ्टवेअरचा न्यूनगंड सोडा. 2025 साली ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा ‘फ्लो’ फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्येच बनला. संगणक जुना असेल तर रेंडरच्या, म्हणजे प्रकाश-रंगांसह अंतिम चित्रं काढण्याच्या, नादी लागू नका. ॲनिमेटरच्या शोरीलमध्ये साधा करडा प्लेब्लास्टही (रेंडर न करता काढलेला झटपट व्हिडिओ) चालतो. तिथे हालचाल बघतात, प्रकाशयोजना नाही.

चेंडूच्या उसळीला पोरखेळ समजू नका. नवशिक्याचा चेंडू जमिनीजवळ येताना मंदावतो आणि फुग्यासारखा तरंगतो. कारण ब्लेंडर प्रत्येक की (ठरावीक क्षणी नोंदवलेली जागा) आपणहून गुळगुळीत करतो. ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल वक्र रेषेत दिसते त्या खिडकीत, जमिनीला टेकण्याच्या कीचं हँडल (वक्राला वळण देणारा दांडा) ‘व्हेक्टर’ करा, म्हणजे वक्राला तिथे टोक येतं आणि चेंडू आपटतो.

मग चाल. दोन पावलांच्या, पुन्हापुन्हा फिरणाऱ्या 24 फ्रेमच्या (एकेक चित्र म्हणजे फ्रेम) चक्रात पहिल्या फ्रेमवर टाच टेकते, 4 वर शरीर सगळ्यात खाली, 7 वर एक पाय दुसऱ्याला ओलांडतो, 10 वर शरीर सगळ्यात वर आणि 13 वर दुसरी टाच टेकते. 25 वी फ्रेम पहिलीसारखीच ठेवायची, पण चक्र 1 ते 24 एवढंच चालवायचं. 25 पर्यंत चालवलं की तीच पोझ दोनदा दिसते आणि प्रत्येक फेरीला बारीक अडखळ जाणवते. हे चक्र जागच्या जागी असेल, तर टेकलेला पाय मागे जातानाचा वक्र सरळ रेषेत हवा. नाहीतर पात्र पुढे सरकवल्यावर पाय घसरतो.

संदर्भासाठी आपल्याच माणसांचं काम बघा (व्हिडिओ त्यांना विचारूनच). जड ओझं उचलणारा माणूस आधी पाय फाकवतो, कंबर खाली नेतो, मग हात ताणले जातात आणि ओझं सगळ्यात शेवटी हलतं. हा क्रम ज्याने रोज पाहिलाय त्याच्या शॉटमध्ये वजन दिसतं. हे भांडवल तुमच्याकडे आधीपासूनच आहे.

काम मिळाल्यावर एक गोष्ट हमखास घडते, काम देणारा म्हणतो: “तुमच्याकडचं पात्र आहे, जरा बघून सांगा ना.” पोशाख, बोली, हावभाव तपासणं हे सल्लागाराचं काम आहे; त्याचे पैसे आणि श्रेय वेगळं ठरवून घ्या. शॉट शोरीलमध्ये कधी वापरता येईल, तेही करारातच लिहून घ्या. कामाआधीची चाचणी काही सेकंदांचीच असावी. आख्खा शॉट फुकटात मागत असतील तर सरळ नाही म्हणा.

पाठवण्याआधी शोरीलची लिंक दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक बहुतेक जण परत उघडत नाहीत.