बाबांचं घड्याळ, आईचं कपाट: काय लिलावात गेलं, काय दारातून

आमची डोंबिवलीची इमारत १९७८ ची. तीन मजले, लिफ्ट नाही. पुनर्विकासाचा करार झाला आणि विकासकाचं पत्र आलं, ४५ दिवसांत घर रिकामं करून ताबा द्या. आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, बाबा त्याच्या आधीच गेलेले. घर मात्र जसंच्या तसं होतं. दादा बंगळुरूला, मी ठाण्याला, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी जाणारी. दादा फोनवर म्हणाला, "तुला हवं ते ठेव, बाकी भंगारवाल्याला दे आणि मोकळी हो."

भंगारवाला आला. गोदरेजच्या कपाटावर थाप मारून त्याने किलोचा भाव सांगितला. ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या पेटीकडे बघून म्हणाला, "याचं काही येत नाही, ताई." त्या तबकड्या ऐकत आम्ही दोघं लहानाचे मोठे झालो. त्याला मी चहा देऊन परत पाठवलं आणि ठरवलं, की ज्याला ज्या वस्तूची गरज आहे त्याच्याकडेच ती जाईल. फुकट मात्र द्यायची नाही. फुकट आलेली वस्तू माणूस जपत नाही, हे मी आमच्याच नात्यात पाहिलंय.

दादा पूर्वी त्याच्या संग्रहातली जास्तीची टपाल तिकिटं ऑनलाइन लिलावात विकायचा. बाझी डॉट कॉम म्हणून सुरू झालेली ती साइट २००४ मध्ये ईबेने घेतली आणि २०१८ मध्ये तिचं भारतातलं काम बंद झालं. आता असे लिलाव नाणी, तिकिटं, घड्याळं जमवणाऱ्यांच्या फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत चालतात. त्याने मला घड्याळवाल्यांच्या एका गटात घातलं. दुसरा रस्ता आसपासच्या जाहिरातींचा: जाहिरातींचं अ‍ॅप, सोसायटीचा ग्रुप, डोंबिवलीकरांचा खरेदी-विक्रीचा ग्रुप, आणि किराणा दुकानाच्या भिंतीवर हाताने लिहिलेला कागद. सुरुवातीला मला वाटलं होतं, लिलावात भाव जास्त येतो, म्हणजे चांगलं ते सगळं लिलावात टाकावं. तसं झालं नाही.

पहिलं घेतलं बाबांचं घड्याळ. एचएमटी जनता, चावीचं. पांढरी डायल, तिच्यावर देवनागरीत लिहिलेलं 'जनता', काच पिवळसर पडलेली आणि एकच्या आकड्याजवळ एक बारीक चरा. बाबा रोज रात्री जेवण झालं की ओट्याशी उभं राहून त्याला चावी द्यायचे. दादाकडे त्यांचं दुसरं घड्याळ आहे, म्हणून हे विकायला त्याची ना नव्हती. मी आधी अ‍ॅपवर टाकून पाहिलं. तीन दिवसांत चार निरोप आले, सगळ्यात मोठा आकडा ५०० रुपये, आणि त्यातल्या एकाने विचारलं, "सेल टाकलाय का?" चावीच्या घड्याळाला सेल नसतो हे ज्याला माहीत नाही, त्याच्याकडे ते जाऊ नये असं मला मनापासून वाटलं.

गटात टाकताच पहिला प्रश्न आला तो डायल मूळची आहे का, हा. तेव्हा कळलं, की जुन्या एचएमटींच्या डायली नव्याने रंगवून विकण्याचं काम जोरात चालतं. रंग झगझगीत असतो, अक्षरं जाडसर येतात, आणि जाणकार लांबूनच ओळखतो. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरूत एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला, आणि २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून न रंगवलेल्या, न बदललेल्या घड्याळांना शौकीन लोक शोधत असतात. मी स्टेशनजवळच्या घड्याळजीकाकांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आतलं काही बदललेलं नाही. तेल वाळलंय फक्त. तेल मी घालू शकतो, पण विकायचं असेल तर आहे तसंच द्या आणि तसं सांगा." उघड्या यंत्राचा फोटो त्यांनीच धरून काढू दिला. पैसे घेतले नाहीत.

फोटो खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात काढले. डायल, काच, मागची बाजू, यंत्र, चावी, पट्ट्याच्या खाचा. चऱ्याचा फोटो मुद्दाम वेगळा, जवळून. वर्णनात लिहिलं, की चावी दिल्यावर चालतं, दिवसाला सात-आठ मिनिटं मागे पडतं. सुरुवात ३०० रुपये, बोलीला किमान ५० ची वाढ, रविवारी रात्री नऊला बंद, शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ आणखी पाच मिनिटं पुढे. पैसे आधी, पार्सल नंतर, टपालखर्च घेणाऱ्याचा. शनिवारपर्यंत ७५० वर अडकलं होतं. मी आशा सोडून दिली होती. रविवारी आठ पन्नासनंतर दोघं एकमेकांवर चढत गेले आणि नऊ वाजून बावीस मिनिटांनी २,३५० वर थांबलं. कोइमतूरचे एक गृहस्थ. त्यांना तुटक हिंदी येत होतं, मला तमिळ शून्य, पण घड्याळाबद्दल आम्ही अर्धा तास बोललो. पॅक करताना सुरुवातीपासून चिकटपट्टी लावेपर्यंत व्हिडिओ काढला आणि स्पीड पोस्टने पाठवलं.

या यशाने मी तबकड्याही लिलावात टाकायला निघाले, आणि तिथे चुकले. आमच्याकडे ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, साठेक तबकड्या होत्या: बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, थोडी भावगीतं. या तबकड्या लाखेच्या. जाड, वजनदार, आणि काचेसारख्या ठिसूळ. नमुन्याला म्हणून एक लिलावात दिली, ६५० आले. दोन पुठ्ठे, वर्तमानपत्र, वर खोका. मला वाटलं पुरे झालं. चार दिवसांनी पुण्याहून फोटो आला, तबकडीचे तीन तुकडे. घेणाऱ्याने एक शब्दही वाकडा काढला नाही, मी त्याच दिवशी सगळे पैसे परत केले. पैशाचं काही नाही, पण ती तबकडी सत्तर-ऐंशी वर्षं अखंड राहिली होती आणि माझ्या हातून पाच दिवसांत फुटली. ते मला अजून लागतं.

म्हणून बाकीच्या तबकड्या आसपासच विकायच्या ठरवल्या. प्रत्येक तबकडीच्या लेबलचा फोटो काढून यादी केली, 'येऊन ऐकून घेऊन जा' असं लिहिलं, आणि अ‍ॅपबरोबर एका संगीत मंडळाच्या ग्रुपवर टाकली. बदलापूरहून एक निवृत्त शिक्षक आले. सोबत चार कापडी पिशव्या आणि जुन्या साड्यांचे तुकडे. तबकडी कशी हाताळायची ते मी त्यांच्याकडून पाहिलं. दोन्ही तळव्यांच्या मधे फक्त कडा धरायची, खाचांना बोट लावायचं नाही, उजेडाकडे तिरकी करून चरे बघायचे आणि ठेवताना उभी ठेवायची, एकावर एक कधीच नाही. दुपारी अडीचपासून पावणेसहापर्यंत बसले. दहा-बारा ऐकल्या. एकीला मधेच हात वर करून मला थांबायला सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. एकूण ९,००० दिले. एक-एक करून लिलावात कदाचित दीडपट आले असते. मला त्याची अजिबात हळहळ नाही. संध्याकाळच्या गर्दीत लोकल नको म्हणून त्यांनी रिक्षा केली आणि पिशव्या मांडीवर घेऊन बसले.

आसपासच्या जाहिरातींना दुसरी बाजूही आहे, ती सांगायलाच हवी. कपाटाची जाहिरात टाकल्यावर वीस मिनिटांत एक फोन आला. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, वस्तू न बघताच घेतो, घासाघीस नाही. मग त्याने क्यूआर कोड पाठवला: "स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." मी बँकेत नोकरीला आहे, म्हणून लगेच फोन ठेवला. पण माझ्या जागी आई असती तर? पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. पिन टाकला, म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. कुणी फसलंच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, जितका लवकर तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि घरी गिऱ्हाईक बोलवायचं तेव्हा मी एकटी थांबले नाही. शेजारच्या काकू विणकाम घेऊन येऊन बसायच्या.

शिवणयंत्र किराणा दुकानातल्या कागदावरून एका दिवसात गेलं, पलीकडच्या चाळीत ब्लाउज शिवणाऱ्या बाईंकडे. नाणी मात्र विकली नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीची एक-एक रुपयाची दोन नाणी होती, आणि गटातच एकाने लक्षात आणून दिलं, की १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणीही पुरावस्तू ठरतात. त्यांच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. माहिती नसताना त्यात हात घालायचा नव्हता. ती दादाकडे गेली.

राहिलं कपाट. त्याला लिलाव शक्यच नव्हता, कोइमतूरहून कोण टेम्पो आणणार? जाहिरातीत मी उंची, रुंदी, खोली इंचात लिहिली, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही हेही लिहिलं, आणि आतल्या लॉकरची किल्ली हरवली आहे हेसुद्धा. त्यामुळे फोन कमी आले, पण आले ते खरे आले. कल्याणचं एक जोडपं, लग्नाला वर्ष झालेलं. मुलीने टेप आणला होता, खोलीच्या दाराचं माप कागदावर लिहून आणलं होतं. ६,००० सांगितले होते, ४,५०० ला दिलं, हमाली आणि टेम्पो त्यांचा. चार हमाल, जिन्याच्या प्रत्येक वळणावर कपाट उभं करून फिरवत, पाऊण तास लागला. मी वरच्या कठड्याशी उभी राहून पाहत होते.

उजव्या दाराच्या आतल्या बाजूला आईने पेन्सिलने दुधाचा हिशेब लिहिलेला होता. लिटर, तारीख, आणि मधेच कुठे 'नाही आला'. देण्याआधी सगळं कपाट पुसून घेतलं, तेवढं दार पुसायला हात गेला नाही.

घर सोडायच्या आदल्या रविवारी, देवघराचा खण रिकामा करताना हळदी-कुंकवाच्या जुन्या डबीत लॉकरची किल्ली सापडली. कल्याणला फोन केला. दोघं संध्याकाळी आले, किल्ली घेतली, चहा झाला. निघताना ती मुलगी म्हणाली, "काकू, दाराच्या आत काहीतरी लिहिलंय. आम्ही रंग देणार आहोत पुढच्या महिन्यात. ते पुसलं तर चालेल ना?"

मी म्हटलं, "पुसा की. आधी उजेडात नेऊन एक फोटो काढा आणि मला पाठवा."

त्याच रात्री फोटो आला. दादाला पाठवला. 'नाही आला' खाली बारीक अक्षरात 'पाऊस' लिहिलेलं होतं, ते मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.