सव्विसावी ओळ

माझा नवस पुरा झाला नव्हता, म्हणून फेडायचाही काही प्रश्न नव्हता. तरी मी त्या शनिवारी रात्री साडेनऊला ठाण्याच्या तलावपाळीला, पायी यात्रा निघते तिथे, जाऊन उभी राहिले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. तेव्हा आमच्या घरात दोन नवस बोलले गेले. सासूबाईंनी बोलला, गाठ सुखरूप निघू दे. मी बोलले, आवाज राहू दे. मोत माउलीला, म्हणजे वांद्र्याच्या डोंगरावरच्या मारिया आईला, ठाण्याहून चालत येईन. स्वरयंत्राकडे जाणारी नस थायरॉइडला अगदी चिकटून जाते, तिला धक्का बसू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं होतं. गाठ निघाली. नसेला धक्का बसला. डाव्या बाजूची व्होकल कॉर्ड हलत नाही. सहा महिने वाट पाहिली, मग वर्ष. आता बोलता येतं, पण आवाजात निम्मी हवा असते, आणि वरचा सूर लावायला गेलं की नुसता वारा बाहेर येतो.

लग्न होऊन वसईहून ठाण्याला आले तेव्हापासून मी चर्चच्या गायकवृंदात होते. माहेरी आईने मला वाचायच्या आधी गायला शिकवलं. त्यामुळे मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मागच्या बाकावर तोंड मिटून बसणं काय असतं, ते मी कुणाला सांगत बसले नाही. गाठ गेली म्हणून देवाचे आभार मानत होते, रोज मानत होते. पण खरं लिहायचं तर ते आभार किराणा दुकानातल्या वहीसारखे झाले होते. इकडे एक जमा, तिकडे एक बाकी.

शेजारच्या काकू दर आषाढात दिंडीबरोबर पंढरपूरला जातात. 'या वर्षी आमच्या चर्चच्या लोकांबरोबर मोत माउलीला चालत येत नाही म्हणून कळवलंय, माझा नवस कुठे पुरा झालाय?' असं मी त्यांना म्हटलं. तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'अगं, आम्ही काय मागायला जातो का? भेटायला जातो.' मी त्यावर काही बोलले नाही. पण ते वाक्य सगळा श्रावण माझ्यामागे फिरत राहिलं. शेवटी फोन करून माझं नाव पुन्हा घालायला सांगितलं.

निघताना सासूबाई दारापर्यंत आल्या. त्यांचे गुडघे गेलेत, नाहीतर त्या पुढे चालल्या असत्या. वाटेत आम्ही बायबलमधलं सव्वीस ओळींचं स्तोत्र १३६ म्हणतो हे त्यांना ठाऊक आहे. पूर्वी त्याच सांगायच्या. म्हणाल्या, 'सव्विसांतली एक ओळ माझ्या वाटची ठेव.'

चर्चच्या आवारातून निघताना फादरांनी आशीर्वाद दिला, आणि दरवर्षीप्रमाणे ठाण्याच्या चार हुतात्म्यांची आठवण केली. बाहेरच्यांना हे फारसं माहीत नसतं. १३२१ साली, म्हणजे पोर्तुगीज इथे यायच्या दोनशे वर्षं आधी, चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. ते निघाले होते चीनला. जहाजाने त्यांना इथे आणून सोडलं आणि ते इथल्याच एका ख्रिस्ती घरात उतरले होते. त्या काळी या गावात ख्रिस्ती घरं होती, या गोष्टीने मला दरवेळी आत कुठेतरी भरून येतं. पुढे ओडोरिक नावाच्या साधूने त्यांच्या अस्थी ठाण्याहून नेल्या, आणि त्या खरोखर चीनला पोचल्या. चीनला पोहोचव म्हणून त्या चौघांनी किती प्रार्थना केल्या असतील. या वर्षी त्यावर मी गोखले रोड संपेपर्यंत विचार करत होते.

हरिनिवास, तीन हात नाका, मग एलबीएस रोड. वांद्र्यापर्यंत सगळं मिळून २५ किलोमीटरच्या आसपास. मुलुंड चेकनाक्यापर्यंत जपमाळ चालते; पाय अजून ताजे असतात, बायका बोलतातही खूप. चेकनाका ओलांडला की स्तोत्र सुरू. ते रचलंच आहे चालणाऱ्यांसाठी, असं वाटावं असं आहे. एकाने अर्धी ओळ सांगायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी म्हणायची, आणि ती अर्धी सव्वीसच्या सव्वीस ओळींत एकच: 'त्याची दया सनातन आहे.' आपल्या भजनातलं ध्रुपदच. सांगणारा दमतो, ध्रुपद धरणारे दमत नाहीत.

पहिली ओळ सांगितली गेली: 'परमेश्वराचे उपकारस्मरण करा, कारण तो चांगला आहे.' ही ओळ मी लहानपणापासून म्हणत आले आहे. त्या रात्री, पाऊस भुरभुरत असताना, 'कारण' या शब्दाशी मी अडकले. कारण त्याने मला हे दिलं, असं तिथे नाही. कारण तो चांगला आहे. दिल्याघेतल्याचं पुढे येतं, पुष्कळ येतं. पण सुरुवात तो कसा आहे इथून होते. माझ्या वहीत पहिलं पान गाठीचं होतं. या स्तोत्राच्या पहिल्या पानावर देणं-घेणं नाहीच, तिथे फक्त त्याचा स्वभाव आहे.

मग आकाश येतं, पाण्यावर पसरलेली पृथ्वी येते, दिवसासाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र आणि तारे. मग मिसर देशातली गुलामी, दुभंगलेला समुद्र. आणि मग सोळावी ओळ, की त्याने आपल्या लोकांना रानातून नेलं. भांडुपच्या आसपास, बंद शटरं आणि ट्रकांच्या रांगा यांच्यामधून चालताना ही ओळ आली आणि मला हसू आलं. ते लोक रानात चालले चाळीस वर्षं! आमची एक रात्र.

तिथून पुढच्या चार-पाच ओळींवर मात्र माझी जीभ दरवर्षी अडखळते. बलाढ्य राजांना मारलं, अमोऱ्यांचा राजा सीहोन, बाशानचा राजा ओग, आणि प्रत्येक मृत्यूनंतर 'त्याची दया सनातन आहे'. हे सोपं नाही, आणि कुणी ते सोपं करून सांगितलं की मला राग येतो. एवढंच सांगते की या वर्षी जायच्या आधी मी बायबलच्या 'गणना' या पुस्तकातला एकविसावा अध्याय पुन्हा वाचला. मिसरमधून सुटलेल्या त्या लोकांनी सीहोनाकडे फक्त वाट मागितली होती. शेतात शिरणार नाही, मळ्यात शिरणार नाही, विहिरीचं पाणी पिणार नाही, राजमार्गाने सरळ निघून जाऊ, असा निरोप धाडला होता. त्याने वाट दिली नाही, उलट सैन्य घेऊन आला. पळून आलेल्या, पायी चाललेल्या, लेकुराबाळांच्या लोकांनी हे गीत म्हटलंय. माझा प्रश्न मिटला असं नाही, पण ते म्हणणाऱ्यांचे पाय मला दिसले.

भांडुपलाच एका गणपती मंडळाच्या पोरांनी आम्हाला थांबवलं. रात्रीचा एक वाजत आला होता. 'माउली, चहा घेऊन जा,' म्हणाली. आमच्या गळ्यातल्या माळा, क्रूस त्यांना दिसत होते. एवढ्या लोकांना पुरेल एवढा चहा पातेल्यात नव्हता. एकाने पळत जाऊन दूध आणलं, आलं ठेचायला काही मिळेना तेव्हा पाट्यासारखा एक विटेचा तुकडा धुऊन घेतला. मंडपाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी तो चहा प्यायले. स्तोत्राची पंचविसावी ओळ अशी आहे की तो सर्व प्राण्यांना अन्न देतो. सूर्य, चंद्र, समुद्र, राजे, सगळं सांगून झाल्यावर ते गीत शेवटी ताटापाशी येऊन बसतं. पेल्यातल्या आल्याच्या वासाने माझा घसा जरा मोकळा झाला.

विक्रोळी, घाटकोपर आठवत नाही. पाय चालत होते, एवढंच. घाटकोपरच्या पुढे सांगणाऱ्या दादांचा आवाज बसला. सतत ओरडून सांगायचं, त्यात पाऊस. दुसरी एक मुलगी सांगायला लागली, तिला ओळींचा क्रम येईना. मला सगळ्या ओळी पाठ. पण माझा आवाज रस्त्यावर दहा हातही जात नाही. मग आम्ही असं केलं, की मी तिच्या शेजारी चालायचं, तिच्या कानात अर्धी ओळ सांगायची, आणि तिने ती मोठ्याने म्हणायची. तिचा हात माझ्या खांद्यावर. कुर्ला येईपर्यंत अख्खं स्तोत्र आम्ही तीनदा म्हटलं. तेविसाव्या ओळीला, म्हणजे आमच्या दैन्यात त्याने आमची आठवण केली ही ओळ, तिला सांगताना माझा उरलासुरला आवाजही गेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ वाचून ओळ उचलली.

एकदा बायबलच्या वर्गात फादरांनी सांगितलं होतं की इथे मूळ हिब्रूत 'हेसेद' असा शब्द आहे. दिलेल्या शब्दाला जागणारं, सोडून न जाणारं प्रेम. मराठीत आपण 'दया' म्हणतो, पण दया म्हटलं की वरचा खालच्याला काहीतरी देतोय असं वाटतं. मला त्यासाठी आपला 'माया' हाच शब्द सुचतो, सासूबाई ज्या अर्थाने वापरतात तो. लेकरू चुकलं तरी माया असते, नापास झालं तरी असते. त्याने परत काही दिलं नाही तरीही असते. सनातन माया. वेदान्तवाले रागावतील कदाचित, पण मला घरातला अर्थ हवाय.

वांद्र्याला पोहोचलो तेव्हा पूर्व उजळत होती. डोंगरावर जायच्या वाटेला दोन्ही बाजूंना मेणबत्त्यांच्या आणि मेणाच्या वस्तूंच्या टपऱ्या लागलेल्या. हात, पाय, हृदय, घर, तान्हं बाळ. ज्याचं जे दुखतं, ज्याला जे हवं असतं, ते मेणाचं घेऊन आईपुढे ठेवायचं. मी कुणाच्याही मागण्याला हसणार नाही. मीही मागितलंय, पुढेही मागेन. प्रभूने स्वतः शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे. पण त्या दिवशी मी फक्त साधी मेणबत्ती घेतली.

मोत माउलीच्या मूर्तीची एक गोष्ट माझ्या आईने मला लहानपणी सांगितली होती. १७०० साली समुद्रावरून आलेल्या चाच्यांनी तिचा उजवा हात तोडला. सोन्याच्या लोभाने, असं सांगतात. आजचं देऊळ १९०४ सालचं आहे, १९५४ मध्ये त्याला बसिलिकेचा, म्हणजे खास दर्जाच्या चर्चचा, मान मिळाला, हे सगळं झालं. पण रांगेत उभी असताना मला तो हातच आठवत होता. जिचा हात एकदा तुटला, तिच्या पायाशी लोक पिढ्यान् पिढ्या मेणाचे हात ठेवत आलेत. आराधना देवाचीच, हे आम्हाला लहानपणीच शिकवतात. आई आपल्याबरोबर हात जोडते. तुटका हात जोडते, हे मला त्या सकाळी नव्याने कळलं, आणि रांगेत मागच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली इतकी मी रडले.

मिस्सा झाली. समर्पणाच्या वेळी फादर भाकर हातात घेऊन म्हणाले की ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं, त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली. त्या रात्री. पुढे काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असताना. मिस्सेला युखरिस्तही म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. एरवी हे शब्द कानावरून जातात. बाहेर समुद्रावर ऊन पडलं होतं आणि गायकवृंदाने गीत सुरू केलं. मी खालच्या सुरात, हवेसकट, त्यांच्याबरोबर म्हटलं. दोन वर्षांनी. शेजारच्या बाकावरच्या लहान मुलाने वळून पाहिलं, मग परत पुढे बघायला लागला.

शेवटी सगळे मिळून आम्ही बाहेर, समुद्राकडे तोंड करून, पुन्हा एकदा स्तोत्र म्हटलं. पंचविसाव्या ओळीपर्यंत मी त्यांच्याबरोबर होते. सव्विसाव्या ओळीला तोंड मिटून घेतलं.

लोकलने ठाण्याला आले. घरी सासूबाईंनी बादलीत गरम पाणी आणि मीठ घालून ठेवलं होतं. टाचेला दोन फोड आलेले. त्या स्टुलावर बसल्या, मी खाली लादीवर, पाय बादलीत. 'मागितलास का आवाज?' त्यांनी विचारलं. मी मान हलवली, नाही.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'माझी ओळ?'

'ठेवलीय आई. तुम्ही सांगा.'

त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि दिंडीत सांगायच्या तशी, गॅसवर दूध तापत असताना, खणखणीत सांगितली, 'स्वर्गीच्या देवाचे उपकारस्मरण करा.'

मी माझी अर्धी म्हटली.