उंबर फोडताना

बडोदा. मे संपत आला. आभाळ रोज भरतं आणि तसंच परत जातं.

रस्त्याकडेच्या उंबराला बुंध्यापासून फांद्यांपर्यंत घोस लागलेत. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात, पण हिरवं फळ उभं चिरलं की ती शेकड्यांनी दिसतात. फळ म्हणजे पोकळ पिशवी आणि तिच्या आतल्या भिंतीला तोंडं आत वळवून बसलेली बारीक फुलं. सृष्टी बघत बायबलच्या वचनाकडे जायची सवय लावायची असेल तर सुरुवात या फळापासून करावी असं माझं मत आहे. एक तर ते फुकट मिळतं. शिवाय घाईने काढलेला अर्थ ते टिकू देत नाही.

आधी झाड कोणाचं ते बघावं. इथल्या मराठी वस्तीत दत्ताच्या देवळाशी औदुंबर असतो, त्याला हात लावायचा नाही. आपली उपासना वेगळी असली म्हणून शेजाऱ्याची श्रद्धा हलकी होत नाही. कमाटीबागेतलंही तोडू नये. रस्त्याकडेचं किंवा ओळखीच्यांच्या आवारातलं झाड बरं, आणि पाच-सहा फळं पुरतात. एका बहरातली फळं साधारण एकाच वयाची असतात. त्यामुळे एकाच दिवशी ढीगभर तोडण्यापेक्षा त्याच झाडाची दोन-दोन फळं दर आठवड्याला घेतली तर सगळा क्रम दिसतो.

देठाच्या विरुद्ध टोकाला फळाचं तोंड असतं, बारीक खवल्यांनी मिटलेलं. नवं ब्लेड त्या तोंडातून सरळ देठापर्यंत न्यावं. आडवं कापलं तर तोंडातली वाट तुटते आणि त्या वाटेने पराग घेऊन शिरलेली बारीक माशी सापडत नाही. चीक पुष्कळ येतो. बोटांना आधी खोबरेल लावावं, डोळ्यांना हात लावू नये. पांढरी बशी आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग, एवढं सामान बस.

फळ कोवळं असताना तोंडाच्या खवल्यांत भिंगाखाली कधी कधी पारदर्शक पापुद्रे अडकलेले दिसतात. ते माशीचे पंख. सेराटोसोलेन फ्यूसिसेप्स असं लांबलचक नाव असलेली ही माशी गांधीलमाशीच्या गोतातली, पण जेमतेम दोन मिलिमीटरची. खवल्यांमधून अंग घुसवताना तिचे पंख तुटतात, आत गेलेली ती पुन्हा बाहेर येत नाही. आत ती काही फुलांमध्ये अंडी घालते आणि जिथून आली त्या झाडाचा पराग पायांनी फुलांवर पसरते. अंडं पडलेल्या फुलाची गाठ होते, बाकीच्यांत बी धरतं. माशी शिरलीच नाही तर फळ बहुधा कच्चंच गळतं. पुढचे काही आठवडे ते हिरवं, टणक राहतं. मग गाठींतून पिवळट, बिनपंखी नर आधी निघतात, माद्या गाठीत असतानाच त्यांच्याशी जुगतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि मरतात. माद्या ताजा पराग छातीजवळच्या खळग्यांत भरून त्या भोकातून उडतात. आयुष्य एक-दोन दिवसांचं, तेवढ्यात दुसरं योग्य वयाचं उंबर गाठायचं. त्यानंतर फळ लाल आणि मऊ होतं, पाखरं आणि वटवाघळं येतात.

हे निघणं बघायचं असेल तर रंग बदलू लागलेलं अख्खं फळ काचेच्या बरणीत, वर्तमानपत्राच्या कोरड्या तुकड्यावर ठेवावं आणि तोंडाला मलमलीचा कपडा रबराने बांधावा. झाकण लावलं तर आत दव धरतं, माश्या भिजून चिकटतात, दोन दिवसांत बुरशी येते. चिरलेलं फळ ठेवून उपयोग नाही, गाठी वाळतात.

वहीची रीत साधी आहे. डाव्या पानावर तारीख, झाड, फळाचा व्यास मिलिमीटरमध्ये, तोंड मिटलेलं की उघडं, आत काय दिसलं. उजवं पान वचनासाठी, आणि ते निदान आठवडाभर कोरं ठेवायचं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. त्याच संध्याकाळी वचन लिहिलं की दुसऱ्या दिवशी डोळे त्या वचनाला सोयीचं तेवढंच बघतात.

या माशीसाठी पहिलं सुचतं ते योहान १२:२४, जमिनीत पडून मरणारा गव्हाचा दाणा. प्रवचनात ते झकास बसेल, म्हणून तर जपून. माशी झाडासाठी मरत नाही. ती स्वतःच्या अंड्यांसाठी आत शिरते, आणि ती घालताना झाडाची थोडी बियाणं खर्ची पडतात. तिला ख्रिस्ताची प्रतिमा करणं म्हणजे तिच्यावर आणि क्रूसावर दोन्हीकडे अन्याय. मला तिच्यासाठी स्तोत्र १०४ जवळचं वाटतं. त्यात सगळे जीव वेळेवर अन्न मिळावं म्हणून देवाकडे बघतात, आणि कुणालाही दुसऱ्याचं कोडं सोडवायला सांगितलेलं नाही.

बायबलमधला आमोस संदेष्टा मात्र इथे खरा कामाला येतो. इ.स.पूर्व आठव्या शतकातला हा तकोवाचा मेंढपाळ त्याच्या नावाच्या पुस्तकात, ७:१४ मध्ये, स्वतःची ओळख संदेष्टा म्हणून देत नाही, उंबरांची निगा राखणारा म्हणून देतो. ते झाड आपल्या उंबराचं भावंड, फायकस सिकोमोरस. तकोवा उंचावर आणि थंड, तिथे ते येत नाही, म्हणजे कामासाठी त्याला खालच्या उबदार भागात उतरावं लागत असणार. पराग नेणारी माशी त्या प्रदेशात नाही. त्यामुळे तिथे या झाडाला बी धरत नाही, फांद्या लावूनच ते वाढवतात. इजिप्त आणि सायप्रसमध्ये याच झाडाच्या कच्च्या फळाला सुरीने खाच देण्याची जुनी रीत आहे, आणि आमोसचं कामही हेच असावं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. जखमेमुळे फळात इथिलीन वायू तयार होतो, तीन-चार दिवसांत ते फुगतं आणि गोड होतं. खाच द्यायला उशीर झाला तर आत दुसऱ्या जातीच्या किड्यांनी घर केलेलं असतं. प्रत्येक फळ हातात घेऊन, नेमक्या दिवशी. हे कळल्यावर आमोसची कडक भाषा वेगळी ऐकू येते. ही सुरी पिकवणाऱ्याच्या हातातली आहे, आणि आठव्या अध्यायात त्याला पिकल्या फळांची टोपली दिसते तेव्हा इस्राएलाची मुदत संपलेली असते.

येशूला बघायला धडपडणारा ठेंगणा जक्कयही मराठी बायबलात उंबरावरच चढतो (लूक १९:४). यरीहो समुद्रसपाटीखाली, ऊबदार, तिथे हे झाड होतंच, आणि त्याच्या फांद्या खालून फुटत असल्याने ठेंगण्या माणसालाही चढता येतं. त्याबद्दल यापेक्षा जास्त ताणू नये.

काही फळांत नुसत्या लांब शेपटीवजा नळीच्या माश्या निघतात. त्या आत शिरत नाहीत, बाहेरूनच नळी खुपसून अंडी घालतात, पराग देत नाहीत. काहींची पिल्लं आतल्या इतर अळ्यांच्या जिवावर वाढतात. अशा माश्या फार झाल्या तर बी आणि पराग नेणाऱ्या माश्या दोन्ही घटतात. डाव्या पानावर त्याही लिहायच्या. उजव्या पानावर रोमकरांस ८:२२ येतं, सृष्टी कण्हते आहे ते. सुंदर तेवढंच टिपणारी वही भक्तीची वाटते, पण ती अर्धीच असते.

आणखी एक, बडोद्यासाठी खास. उंबर ओढ्याकाठचं झाड, म्हणून विश्वामित्रीच्या उतारावर उतरण्याचा मोह होतो. उतरू नये. नदीत शहराच्या मधोमध मगरी आहेत, २०१९ आणि २०२४ च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या. मादी उन्हाळ्यात काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, साधारण दोन महिन्यांनी पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात, आणि तोवर ती घरट्याजवळ असते. पिल्लांना ती जबड्यात धरून पाण्यात नेते. लांबून बघणाऱ्याला ती गिळतेय असंच वाटेल. ईयोब ४१ मधला लिव्याथान म्हणजे मगर असं पुष्कळ भाष्यकार मानतात, काही समुद्रातला अक्राळविक्राळ प्राणी मानतात. देव तिथे सगळं गमावलेल्या ईयोबाला विचारतो, याला बांधून तुझ्या मुलींना खेळायला देशील का? ईयोबाच्या दुःखाचं उत्तर त्या अध्यायात कुठेच नाही. मगरीच्या उजव्या पानावर मी तो प्रश्न तेवढा लिहिते. बघायचं ते पुलावरून, दुर्बिणीने, सकाळी ऊन चढताना. त्या वेळी मगरी काठावर अंग शेकत पडलेल्या असतात. पूर आला तर वही घरात, आणि मगर दिसली तर वनखात्याला फोन.