पाळण्यात कोण कुठे बसायचं

जत्रेतला कुठलाही पाळणा सगळ्या जागांवर सारखा लागत नाही. झोके घेणाऱ्या एकाच जहाजात मधल्या बाकावर आजी आरामात बसते आणि टोकाला कॉलेजातली पोरं जीव तोडून ओरडत असतात. हे आधी माहीत असलं तर "आईला चक्कर येते, आपण खाली थांबू" म्हणून अर्धं घर तिकिटाच्या टेबलाशी उभं राहत नाही. कार्तिकात अलिबागजवळ वरसोलीची जत्रा, महाशिवरात्रीला देवगड तालुक्यातलं कुणकेश्वर, आणि तिथीवर नव्हे तर देवीच्या कौलाने जिची तारीख ठरते ती मसुऱ्याची आंगणेवाडी. पाळणे सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच असतात, त्यामुळे एकदा समजलं की कायमचं उपयोगी पडतं.

आधी आकाशपाळणा. आपल्याकडे त्याला रहाटपाळणा म्हणतात ते किती नेमकं आहे बघा. विहिरीवरच्या रहाटाला जसे पोहरे लटकतात, तसे चाकाला डबे लटकतात, आणि चाक फिरलं तरी डबा सरळच राहतो. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने २६४ फूट उंचीचं चाक उभं केलं. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावत. जत्रेतलं चाक त्यामानाने लहान, पण तत्त्व तेच.

लोकांना सगळ्यात जास्त वैताग येतो तो माणसं भरताना. एक डबा भरला की पाळणेवाला चाक फिरवून समोरच्या बाजूचा डबा भरतो, मधले तसेच रिकामे सोडतो. त्यात त्याची मनमानी नसते. एकाच बाजूला वजन आलं तर ती बाजू खाली ओढते, मोटरवर ताण येतो आणि ब्रेक लावला तरी चाक सरकतं. बारा डबे असतील आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट लागलं, तर नुसतं भरायलाच सहा मिनिटं जातात. पहिल्या डब्यात बसलेला तेवढा वेळ वर-खाली लटकत असतो. म्हणून लहान मुलांना आधी लघवीला नेऊन आणा, आणि भित्र्या माणसाला घेऊन पहिल्या डब्यात शिरू नका.

डब्यात समोरासमोर दोन बाकडी असतात आणि त्यांत मोठा फरक असतो. पोटात गोळा येतो तो माथ्यावरून खाली उतरायला लागताना. त्या वेळी एका बाकड्यावरच्या माणसाला समोर मोकळं आभाळ दिसतं, दुसऱ्याला चाकाचा मधला आस आणि लोखंडी आरे. घाबरणाऱ्याला दुसरं बाकडं द्या. चाक कुठल्या दिशेने फिरतंय ते तिकीट काढण्याआधी उभं राहून बघितलं की कळतं. उतरताना श्वास रोखू नये, हळूहळू सोडावा. नजर जवळच्या गर्दीवर नको, दूरवर ठेवावी. कुणकेश्वरला तर समोर समुद्राची सरळ रेघच असते. चक्कर येते ती कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो एक आणि डोळे दाखवतात दुसरं, म्हणून. दूरची स्थिर रेघ मिळाली की दोघांचं जमतं.

चाक थांबलेलं असताना डबा मुद्दाम हलवणारी मंडळी प्रत्येक जत्रेत भेटतात. त्यांना स्पष्ट शब्दांत थांबवा. अख्खा डबा वरच्या पिनांवर तोललेला असतो.

त्या पिना आपल्याकडे कोकणात जास्त निरखून बघायला हव्यात, कारण किनाऱ्यावरची खारी हवा लोखंड फार लवकर खाते. रंगाखाली फोड आलेले दिसले तर आत गंज चढलाय असं समजा. पिनेच्या टोकाला क्लिप असायला हवी. तिच्या जागी नुसती तार पिळलेली दिसली तर त्या पाळण्यात बसू नका. डब्याच्या दाराला कडीच्या जोडीला साखळीही हवी. मग खाली बघा. जांभ्याचा कातळ कुठेच सपाट नसतो, वाळू दबते, त्यामुळे पायांखाली लाकडी ओंडके आणि फळ्या घालून चाक समतोल करतात. भरलेलं चाक फिरताना या फळ्या उचलल्या जात असतील, किंवा दर फेरीला त्याच ठिकाणी 'टक' असा आवाज येत असेल, तर मुलांनी कितीही हट्ट केला तरी पुढे चला.

घोड्यांच्या चक्रीत हिशेब सोपा आहे. बाहेरचा घोडा मध्यापासून तीन मीटरवर आणि आतला दोन मीटरवर असेल, तर एका फेरीत बाहेरचा जवळपास १९ मीटर जातो, आतला साडेबारा. वेळ दोघांना तेवढाच. म्हणून तीन वर्षांचं बाळ आतल्या घोड्यावर, आणि बाबा बाजूला उभे राहून हात धरणार.

जहाजातही तसंच, मध्य सौम्य आणि टोकं जबरी. टोकाचा बाक सर्वांत उंच जातो आणि खाली येताना बाकड्यावरून उचलल्यासारखं होतं. नवख्याने मधून सुरुवात करावी, झेपलं तर पुढच्या वेळी एकेक बाक टोकाकडे सरकावं. मांडीवर मूल घेऊन जहाजात बसू नये. आडवा दांडा मोठ्याच्या मांडीवर अडतो आणि मूल त्याच्याखाली मोकळं राहतं.

ब्रेक डान्समध्ये बसण्यावरूनच सगळं ठरतं. त्यात फिरत्या तबकडीवर बैठका असतात आणि प्रत्येक बैठक स्वतःभोवतीही गरगरते. वजन एका बाजूला पडलं की ती जास्त फिरते. आई, मध्ये मूल, मग बाबा असं बसलं तर फिरणं निवळतं. दोघंच असाल तर जड माणूस बाहेरच्या कडेला, कारण वेगात आतला माणूस बाहेरच्यावर रेलतो, आणि बाहेर मूल असेल तर ते दाबलं जातं. गरोदर बाई, मणक्याचं दुखणं असलेले आणि नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले यांनी इथे खालीच थांबावं.

हवा भरलेल्या, उड्या मारायच्या मिकी माऊसवर लोक निर्धास्त मुलं सोडतात, पण तो पंख्याच्या हवेवर उभा असतो. जनरेटर बंद पडला की खाली बसतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो तेव्हा त्याच्या सगळ्या दोऱ्या खुंट्यांना ताठ बांधलेल्या आहेत ना ते बघाच. पाच वर्षांची आणि बारा वर्षांची मुलं एकत्र सोडू नका. लहान मूल पडतं आणि मोठं त्याच्यावर आदळतं.

निघण्यापूर्वी ओढणी आणि पदर खोचलेला, केस बांधलेले, मोबाईल पिशवीत आणि पिशवी खाली थांबणाऱ्याकडे. खाजा, भजी, उसाचा रस हे सगळं पाळण्यांनंतर; आधीच खाल्लं असेल तर दीड तास जाऊ द्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचलात तर क्रम असा ठेवा: चक्री, मग जहाज, मग ब्रेक डान्स, आणि त्यानंतर अर्धा तास देवळात किंवा दुकानांत पायी फिरणं. आकाशपाळणा दिवेलागणीला. तेव्हा रांग मोठी असते, पण घरातले सगळे एका डब्यात बसतात तो हा एकच पाळणा.