थम्सअपची चव गेली तेव्हा

मला सात वर्षांपासून बीपी आहे. सकाळी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली गोळी, शिवाय झोप नाही लागली तर रात्री अर्धी झोपेची. लेहचं तिकीट काढलं तेव्हा डोक्यात फक्त स्वेटर होते. "उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी घ्या, सगळे घेतात" असं कुणीसं म्हणालं आणि मी केमिस्टकडे निघालेसुद्धा. लेकीनं अडवलं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का? नव्हती. डायमॉक्समुळे मूत्रपिंड बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) बाहेर टाकतं, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि श्वास आपोआप वाढतो. पण तिनेही लघवी वाढतेच. माझ्या गोळीशी तिची जोडी जमली तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम, दोन्ही खाली! म्हणून प्रवासापुरती साधी टेल्मिसार्टन, आणि निघायच्या आदल्या दिवसापासून डायमॉक्स 125 मिलिग्रॅम दोन वेळा. झोपेच्या गोळीवर त्यांनी सरळ काट मारली. उंचीवर झोपेत श्वास आधीच अडखळतो, त्यात ती त्याला आणखी मंदावते. मला हेच सगळ्यात जड गेलं.

लेह साधारण 3,500 मीटरवर. पहिल्या संध्याकाळी ऑक्सिमीटरवर 86, बीपी 158/96. हात गोळीकडे गेला होता, पण आधी डॉक्टरांना फोन केला. "ऑक्सिजन कमी पडला की सुरुवातीला बीपी वर जातो. डोकं दुखत नाहीये ना? मग आराम करा, उद्या बघू." तिसऱ्या दिवशी 140/88.

रात्री मात्र टक्क जागी. शेजारी यांचा श्वास मध्येच थांबायचा, मग एकदम धापेसारखा सुरू. उंचीवर बऱ्याच जणांचं असं होतं हे ठाऊक असूनही मी आकडे मोजत बसले होते.

बोटांना मुंग्या येत होत्या, त्याची कल्पना डॉक्टरांनी दिली होती. थम्सअपची दिली नव्हती. बाटली उघडली, फेस आला, पण जिभेवर नुसतं गोड पाणी. दुकानदाराशी वाद घालणार होते. नंतर कळलं, जिभेला सोड्याची झिणझिण ज्या एन्झाइममुळे जाणवते, तेच ही गोळी बंद पाडते.

जुनी गोळी पुण्यात परतल्यावर लगेच नाही मिळाली. आधी पोटॅशियम तपासायला लावलं.