काकांची साडी

श्रावणातली दुपार. टेम्पो बांधाला लागलेला, टोमॅटो गिरणाऱ्याच्या बाजारात पाठवायचे, आणि एक क्रेट काही केल्या सापडेना. सापडला तेव्हा त्यात कोंबडी बसलेली. खुडूक. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, खाली एकही अंडं नाही. पण रुबाब असा, जणू सातबारा तिच्याच नावावर आहे. हात पुढे केला तर टोचलं. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय. काकू आली, बघितलं आणि म्हणाली, "बसू दे तिला. संध्याकाळी अंडी ठेवते खाली. २१ दिवसांनी देईल तुझा क्रेट."

टेम्पो वीस किलो कमी घेऊन गेला. भाव असा होता की त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

आमच्या मळ्यात जनावरांचंच चालतं. माणसांनी त्यांच्या मर्जीनं वागायचं. लहानपणी एक म्हैस होती, चंद्री. काकूशिवाय कुणालाही कासेला हात लावू द्यायची नाही. चैत्रात काकू वणीच्या यात्रेला पायी निघाली आणि धारेची वेळ काकांवर आली. काका म्हणजे पाण्याचा तांब्याही जागेवर मागणारा माणूस. चंद्रीनं त्यांना हुंगलं आणि लाथेसरशी चरवी गोठ्याबाहेर. पारडू सोडून पाहिलं, आंबोण ठेवलं, पाठ थोपटली. पान्हा नाही.

शेजारची म्हातारी म्हणाली, "लुगडं नेस."

काकांनी आधी ट्रंकेतली चांगली साडी काढली. तिला डांबरगोळ्यांचा वास. चंद्री शिंकली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मग वलणीवरची रोजची साडी, न धुतलेली, चुलीच्या धुराची आणि शेणाची. काका ती गुंडाळून, मिशीपर्यंत पदर ओढून खाली बसले. बांगड्या मनगटात शिरेनात, म्हणून काकूच्या जुन्या बांगड्या डब्यात टाकून पाठीमागून खुळखुळवायचं काम मला मिळालं. इतकं मन लावून मी पुढं कुठलीच नोकरी केली नाही.

चंद्रीनं पदर हुंगला, एक लांब श्वास सोडला आणि पान्हा सोडला. डॉक्टर सांगतात, पान्ह्याला ऑक्सिटोसिन लागतं आणि जनावर बुजलं की अड्रेनालिन त्याची वाट अडवतं. काका सांगायचे, साडी लागते.

अर्धी चरवी भरली असेल, तेवढ्यात गोठ्याच्या दारातून कुणीतरी हाक मारली, "वहिनी, भाऊ हायेत का?" आता बोलावं तर आवाज पुरुषी, उठावं तर म्हैस बिथरणार. काकांनी मान वर न करता बारीक आवाजात सांगितलं, "मळ्यात गेलेत." तो माणूस मळ्यात गेला. बराच वेळ हाका ऐकू येत होत्या.

काकू परतल्यावर तिला हे आम्ही रंगवून सांगितलं. ती हसली नाही. "म्हंजे म्हशीला कळतं," एवढंच म्हणाली आणि चरवी उचलून आत गेली. काका त्या दिवशी स्वतः उठून पाणी प्यायले.

शेळीचं मात्र मला झेपत नाही. तिची ती आडवी बाहुली, आणि रवंथ करत आपल्याकडे बघत राहणं. तिच्यासमोर फोनवर खोटं बोलवत नाही मला. "निघालोच, द्वारका सर्कलला आहे" म्हणताना मी गोठ्याकडे पाठ करतो.

बैल होते तेव्हा पोळ्याला मजा यायची. घोटीच्या बाजारातून आणलेली डांगी जोडी, इगतपुरीकडच्या पावसात मुरलेली. कातडीच तेलकट, पाणी नुसतं ओघळून जायचं. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, अंगावर झूल. एवढं नटून निघायचे आणि मारुतीच्या देवळापुढे नेमके बसकण मारायचे. मागं अख्ख्या गावाचे बैल तुंबलेले. पुढारी ओरडताहेत, वाजंत्री तेच तेच वाजवताहेत.

आता गोठ्यात ट्रॅक्टर आहे. यंदा पोळ्याला त्यालाच धुतलं, हळद-कुंकू लावलं, स्टिअरिंगला झेंडूची माळ घातली. आईनं पुरणपोळी तोंडापुढं धरायची म्हणून बोनेटपुढं धरली, क्षणभर थांबली आणि मग मडगार्डवर ठेवून दिली. शेळीनं पुढचे दोन्ही पाय टायरवर टेकवून ती खाल्ली. वर झेंडूची माळही. ट्रॅक्टरची काही तक्रार नव्हती.