शोकेसमधलं बाळ

दुपारी जेवून जरा आडवी झाले, तेवढ्यात भाचीचा मेसेज. "मावशी, लिंक पाठवलीये. पिल्लूच्या फोटोला लाइक कर. आधी पेज फॉलो कर हं, नाहीतर मत धरत नाहीत. आणि काकांच्या फोनवरूनही कर." मागोमाग जोडलेले हात.

फोटो बोरन्हाणाचा. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, हातात हलव्याचीच बासरी. कपाळावर काजळाची तीट, तीही चंद्रकोरीच्या आकाराची. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची आणि मग सगळ्या गावाला 'बघा हो' म्हणून लिंक पाठवायची! असो. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. हाराचा एका बाजूचा हलवा गायब होता, नुसता दोरा दिसत होता. साहेबांनी तो चाटून संपवला होता आणि हनुवटी चिकट चकाकत होती. मला फोटोत तेवढंच आवडलं. तसं कळवलं, तर भाची म्हणाली, "अय्या, ते एडिट करायचं राहिलं!"

खरं तर घरच्या ग्रुपवर त्याच दिवसाचा याहून झकास फोटो आला होता. मुकुट एका डोळ्यावर घसरलेला, मोठ्या मुलांनी पुढ्यातली बोरं पळवलेली आणि हा आ वासून रडतोय. पण तो कोण पाठवणार? स्पर्धेला हसरं मूल लागतं.

मला एक खोड आहे. लहान मुलाचा फोटो आला की मी आधी कडा बघते. पाठीमागून धरलेला हात, कुणाच्या तरी गुडघ्याचा तुकडा, पदराचं टोक. मूल मधे असतं, पण त्याला तिथे बसवणारी माणसं कडेला लपलेली असतात. आमच्या भावाच्या त्या प्रसिद्ध फोटोत डाव्या कडेला आईच्या दोन बांगड्या आहेत. प्रिंट कापताना हात गेला, बांगड्या राहिल्या.

प्रसिद्ध म्हणजे आमच्या गावात प्रसिद्ध. एसटी स्टँडसमोर एक फोटो स्टुडिओ होता. आत पडद्यावर तळं, त्यात हंस, मागे बर्फाचे डोंगर. बाहेर काचेची शोकेस. आमच्या वेळची स्पर्धा ती. फॉर्म नाही, मतं नाहीत, परीक्षक एकटे स्टुडिओवाले काका. भाऊ तेव्हा नुकताच पालथा पडायला लागलेला. अंगावर करगोट्याखेरीज काही नाही, मान वर. काकांनी कॅमेऱ्यामागून रबरी बदक पिळलं आणि हा खुदकन हसला. फोटो काळा-पांढरा, पण शोकेससाठी काकांनी ब्रश घेऊन गालांना गुलाबी आणि ओठांना लाल रंग दिला. विडा खाऊन आल्यासारखा दिसतो त्यात.

मग आई मंडईला स्टँडवरून जायला लागली. मंडई अगदी उलट्या दिशेला. शोकेससमोर थांबायची नाही, फक्त चाल मंदावायची. पुढे तिथे एका बड्या अधिकाऱ्याची मुलगी लागली आणि आईने त्या स्टुडिओचं नाव टाकलं. माझा शाळेच्या फॉर्मसाठीचा फोटोसुद्धा तालुक्याला जाऊन काढला.

माझा फोटो शोकेसमध्ये कधी लागला नाही. मी लुकडी होते. तेव्हा 'सुदृढ बालक' स्पर्धा असायच्या, त्यातही मला कुणी नेलं नाही. मी पोटात असताना आईने मात्र समोरच्या भिंतीवर मर्फी रेडिओच्या जाहिरातीतलं बाळ लावलं होतं. पोटुशीने रोज गोंडस बाळाकडे बघावं म्हणजे तसंच होतं, अशी समजूत. पुष्कळ घरांत ते कॅलेंडर होतं. सगळ्या आया एकाच बाळाकडे बघत होत्या आणि झाली आपापली मुलं, आपापल्या नाकांची.

कुठल्याही परीक्षकाच्या डोक्यात असं एक कॅलेंडर आधीच टांगलेलं असतं, असं मला वाटतं.

बर्लिनमध्ये १९३५ साली नाझींनी आदर्श आर्य बाळ शोधायला फोटो मागवले. हान्स बालिन नावाच्या फोटोग्राफरने एका सहा महिन्यांच्या मुलीचा फोटो पाठवला. तो पहिला आला. निवड खुद्द गोबेल्सने, म्हणजे हिटलरच्या प्रचारमंत्र्याने, केली म्हणतात. गोबऱ्या गालांची ती मुलगी 'झोने इन्स हाउस' या मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. मुलगी होती ज्यू. हेसी लेविन्सन्स. आईबाप लाटव्हियाहून आलेले गायक. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, घरच्यांसाठी म्हणून त्यांनी फोटो काढून घेतला होता. आई घाबरीघुबरी होऊन विचारायला गेली, तर फोटोग्राफर म्हणाला की मूल ज्यू आहे हे ठाऊक होतं, म्हणून तर पाठवलं. त्याला नाझींचं हसं करायचं होतं.

हसं कुणाचं आणि जीव कुणाचा! ओळखीचा चेहरा झाला म्हणून आईबापांनी मुलीला बाहेर नेणं बंद केलं. पुढे फोटोची शुभेच्छापत्रंही निघाली. लिथुआनियातल्या मेमेलला राहणारी एक नातलग बाई हेसीच्या पहिल्या वाढदिवसासाठी कार्ड घ्यायला दुकानात गेली, तर कार्डावर हेसीच.

कुटुंब वेळीच जर्मनीतून निघालं. लाटव्हिया, पॅरिस, क्युबा करत शेवटी अमेरिकेला पोचलं. हेसी रसायनशास्त्र शिकली, न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापक झाली. २०१४ साली, ऐंशीच्या घरात, तिने मासिकाचा तो अंक जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू हत्याकांडाच्या स्मृती जपणाऱ्या संग्रहालयाला दिला. आता या सगळ्याचं हसू येतं, पण मी कोण ते तेव्हा त्यांना कळलं असतं तर आज जिवंत नसते, असं ती म्हणाली होती.

त्या स्पर्धेला आणखी कितीतरी घरांतून फोटो गेले असतील. नीट भांग पाडलेली, हसवलेली बाळं. आपलं बाळ हरलं म्हणून किती आया हळहळल्या असतील, आणि आदर्श म्हणजे काय हे ठरवणारे कोण आहेत, असं त्यांतल्या एकीला तरी वाटलं असेल का, कोण जाणे.